खांबावरची चित्रपट्टी

भिंतीत खिळा ठोकायला काय अक्कल लागते, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा आमच्या हॉलच्या भिंतीत ठोकून दाखवावा. वरून गुळगुळीत रंग, आत भुसभुशीत चुना. खिळा लोण्यात गेल्यासारखा जातो आणि फ्रेम टांगली की तसाच बाहेर येतो, येताना मूठभर भिंत घेऊन येतो. कुठं दगड आहे आणि कुठं नुसता चुना, हे मला बोटानं टकटक केलं की कळतं. शाळा माझी फार झाली नाही, पण ती भिंत मला पाठ आहे.

पांढुर्ण्याला आमचं फोटो फ्रेमचं दुकान. आमचं म्हणजे आमच्या ह्यांचं. मी मागं बसून काचा पुसायची. हे गेले आणि काच कापायचा हिरा माझ्या हातात आला. वाचनालयाच्या वर एक हॉल आहे. लग्नाची बोलणी, हळदीकुंकू, गणपती, सगळं तिथंच होतं. कोणाला चित्रं, फोटो, रांगोळ्या मांडायच्या असल्या की वाचनालयाची मंडळी म्हणत, फ्रेमवाल्या वहिनींना विचारा. अशी मी विचारता विचारता प्रदर्शनवाली झाले. नेमलं मला कोणी नाही, काढणार तरी कोण?

हे काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं चित्रं टांगली की झालं. पण चित्र उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर यावं लागतं. आमच्याकडे त्यातही भानगड, कारण म्हातारी माणसं वाकलेली आणि तरुण पोरं ताडमाड. मग मी दोन्हीच्या मध्ये दोरी ताणते आणि सगळ्या फ्रेमा त्या दोरीला धरून लावते. एकदा गावच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं. एक गृहस्थ आले, बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आमचे बाबा काकांच्या खाली काहून?"

मी म्हटलं, "भाऊ, जागा तशी होती."

"जागा नाही जी, ही काकांच्या घरच्यांची लावणी आहे."

तेव्हापासून माझी दोरी. दोघंही एका रांगेत, कोणी कोणाच्या वर नाही. दुसऱ्या एका प्रदर्शनात शाळेच्या पोरीनं देवी काढली होती. दुपारी बघते तर काचेवर हळदकुंकू आणि खाली दोन फुलं. पुसायची तरी कशी? शेवटपर्यंत तशीच ठेवली. आमच्या लोकांना चित्र बघता येतं, पण आधी त्यांचे हात जोडले जातात. चपला तर न सांगता दारात निघतात. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून मी पुढं काय करून बसले, तीच आज सांगायची गोष्ट आहे.

दोनेक वर्षांपूर्वी मनोहरभाऊ दुकानात आले. हे आमच्या ह्यांचे मित्र. सकाळच्या पांढुर्णा–सौसर बसवर जन्मभर कंडक्टर होते, आता घरी असतात. बोलणं कमी. बसमध्ये सुद्धा "पुढं सरका" एवढंच बोलायचे, तेही भुवईनं. त्यांनी खिशातून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला.

"वहिनी, याले फ्रेम होईन का?"

तिकिटांची पुस्तकं संपली की मागं जो पुठ्ठा उरतो ना, तो. त्याच्यावर बॉलपेननं ओळीनं चार चौकटी आखलेल्या. चित्रपट्टी म्हणतात याला. एका चौकटीनंतर दुसरी वाचायची, चौथीत हसू फुटतं. पहिल्या चौकटीत एक बाई कंडक्टरला सांगून राहिली, "पोरगं पाच वर्षांचं आहे, तिकीट नाही लागत." दुसरीत पोरगं तिच्या मांडीवर. तिसरीत ते पोरगं एवढं मोठं की खाली बाई दिसतच नाही, नुसती चप्पल दिसते. चौथीत पोरगं उठून म्हणतं, "उतरतो माय, शाळेत पोरं वाट पाहून राहिली असन. पहिला तास माझाच आहे."

मी एवढी हसले की हातातली काच खाली ठेवावी लागली.

"भाऊ, असे किती आहेत?"

"पेटीभर असन."

"अन् इतकी वर्षं दाखवले नाही?"

"कोणाले दाखवू? ज्यायचे काढले तेच बसमध्ये बसून राहिले होते."

पेटी बघितली. संत्र्याच्या हंगामात मांडीवर टोपली घेऊन झोपलेला माणूस आणि त्याच्या टोपलीतून एकेक संत्रं खाऊन शेजाऱ्यावर सालं टाकणारा तिसराच. बोरगावच्या कारखान्यात पहिल्या दिवशी निघालेली पोरं, इस्त्रीचे शर्ट चुरगळू नयेत म्हणून उभ्यानं जाणारी. मोहगावला उतरायचं म्हणून पांढुर्ण्यापासूनच दारात उभी राहिलेली म्हातारी. आपलीच माणसं, पण कुठं टिंगल नाही. मी तिथंच ठरवलं, प्रदर्शन करायचं. मनोहरभाऊ नाही म्हणाले. मी रोज विचारलं, ते रोज नाही म्हणाले.

मग एका दुपारी स्वतःहून आले आणि स्टुलावर बसले. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चित्रं काढली. ही मोठी होती, एकेक चौकट एकेका पुठ्ठ्यावर. अशी नऊ. आणि ह्या एका पट्टीत एकही अक्षर नव्हतं.

पहिल्या चित्रात घरात दोन ताटं, बाप पाठमोरा बसलेला, समोर मुलगी. दुसऱ्यात दाराशी बॅग, मुलगी वाकून पायातल्या चपलेला हात लावून. मग बसची पायरी आणि पायरीवर तिचा एक पाय. मग खिडकीजवळची सीट. मग फक्त दोन हात, एक कंडक्टरचा, एक तिचा, मध्ये तिकीट. मग खिडकीतून दिसणारे संत्र्याचे बगीचे. मग सौसरचा बसस्टँड. मग बॅग घेऊन बसशेजारी उभी असलेली ती. शेवटच्या चित्रात रिकामी सीट.

मला सगळं समजलं. गावात कोणाला माहीत नाही? सुनंदा, त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, बापानंच वाढवली. तिनं सावनेरचा मुलगा पसंत केला, तो जातीतला नव्हता. मनोहरभाऊ भांडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त बोलणं बंद केलं. एका सकाळी ती बॅग घेऊन निघाली आणि बसली ती बापाच्याच बसमध्ये, कारण तेवढ्या सकाळी दुसरी गाडी नव्हती. सौसरला उतरून पुढं सावनेरची गाडी धरायची होती.

"मी जवळ गेलो, वहिनी," ते म्हणाले. "म्हटलं, सौसर? ते म्हणाली, सौसर. तिकीट फाडून देलं. बस, एवढंच. बाकी पॅसेंजरले मी सांभाळून जा तरी म्हणत होतो."

"नंतर फोन?"

"नंबर आहे. बोट नाही चालत."

"अन् याच्यात अक्षर काहून नाही?"

"बोललोच नाही, तर लिहू काय?"

मग त्यांनी अट सांगितली. प्रदर्शन करा, पण ही पट्टी त्यात पाहिजे, आणि त्याची जाहिरात सावनेरच्या स्टँडवर लागली पाहिजे. तिनं यावं, एकदा बघावं. माफी म्हणून बघावं. "बाकी लोकं आले नाही तरी चालते," म्हणाले. मी फोन करते म्हटलं तर त्यांनी हात जोडले. "तुम्ही नका करू. तिनं स्वतःच्या मनानं आलं पाहिजे."

आता प्रदर्शन म्हटलं की हॉल पाहिजे. हॉल वर्षभर लग्नसमारंभात अडकलेला. मोकळा मिळतो तो पितृपक्षात, तेव्हा कोणी शुभकार्य ठेवत नाही. मंडळी म्हणाली, "पितृपक्षात प्रदर्शन?" मी म्हटलं, "पितरांनी पण त्याच बसनं प्रवास केला आहे. त्यांनाही बघू द्या." झालं, हॉल मिळाला.

जाहिरात मात्र मी मन लावून केली. ती बिनतिकिटाच्या पोरट्याची पट्टी मोठी करून घेतली आणि बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागं चिकटवली. पण चौकटी तीनच. चौथी कोरी, आणि त्यात लिहिलं, 'हे चित्र हॉलमध्ये बघायला मिळेल.' ड्रायव्हर लोक आमचेच, नाही कोण म्हणतो. आठवड्यात माझं रस्त्यानं चालणं कठीण झालं. भाजीवाली म्हणे, "काकू, त्या पोरट्याचं पुढं काय झालं तेवढं सांगा नं." मी म्हणायची, या आणि बघा. मंडीत एका अडत्यानं तर पैज लावली होती म्हणे, पोरगं बाईचा नवरा निघते म्हणून.

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हणतात आमच्याकडे, तिथल्या तिथं जुळवलेल्या ओळी, कोणाला चिमटा काढायला. मीही एक जुळवून एका गड्याला शिकवली. त्यानं ती भर गर्दीत हाणली:

"बस चालली सौसरले, घेतलं नाही भाडं
मनोहरच्या चित्रामंधी बसलं सारं खेडं
ज्याचं त्याचं थोबाड त्यानं येऊन पाहून जावं
हॉलमंधी टांगलं आहे पांढुर्ण्याचं गाव"

मग सगळ्यांचा हर हर महादेव. दुसऱ्या दिवशी मात्र मी जाहिरातीचा एकही कागद वाटला नाही. त्या दिवशी आमच्याकडे गोटमार, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेक. मग लोक दगडांकडे बघतील की माझ्या कागदाकडे?

सावनेरला मी स्वतः गेले. पिशवीत पोस्टर आणि डब्यात खळ. मनोहरभाऊंनी बजावलं होतं, "माझं नाव मोठं नका टाकू. 'सकाळची पांढुर्णा–सौसर' एवढंच मोठं टाका. तिले समजन." स्टँडवर रसाच्या दुकानाशेजारी एक भिंत बघितली, बोटानं टकटक केली सवयीनं, आणि पोस्टर चिकटवलं. येताना बसमध्ये एकच मनात होतं. आजवर इतकी प्रदर्शनं केली, शंभर माणसं यावीत म्हणून धडपडले. या खेपेला एकच माणूस पाहिजे होतं.

मांडणीच्या दिवशी छोट्या पट्ट्यांनी चारही भिंती भरल्या. मोठ्या नऊ चित्रांना जागा उरली नाही. हॉलच्या मधोमध एक जाड चौकोनी खांब आहे. मी म्हटलं, वा, हाच त्यांचा मान. खांबाच्या समोरच्या बाजूला नावाची पाटी लावली आणि बाकी तीन बाजूंना तीन तीन चित्रं. पाटीच्या उजव्या हाताला वळायचं, तिथून गोष्ट सुरू, खांबाला फिरत जायचं, रिकाम्या सीटवर संपायची. मनोहरभाऊ एक फेरा मारून आले, मान हलवली. मी समाधानानं घरी गेले.

सकाळी हॉल उघडला. माझी विहीण वत्सलाबाई लोधीखेड्याहून बायकांचा घोळकाच घेऊन आली होती. चपला काढल्या, भिंती बघितल्या, हसून हसून पदर डोळ्याला लावले. मग खांबाकडे आल्या. आणि सगळ्या डाव्या हाताला वळल्या.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. दरवर्षी गणपती बसतो तो ह्याच खांबाला टेकून. लोकांच्या पायांना तो खांब माहीत आहे. खांब उजव्या हाताला ठेवून फिरायचं, देवळात फिरतात तसं. त्यात कोणाला विचार करावा लागत नाही. आणि मी गोष्ट लावली होती ती दुसऱ्या अंगानं वाचायची.

म्हणजे त्यांना आधी दिसली रिकामी सीट. मग सौसरच्या स्टँडवर बॅग घेऊन बसशेजारी उभी पोरगी. मग बगीचे. मग दोन हात, तिकीट. मग खिडकीत बसलेली ती, मग पायरीवर एक पाय, उतरतानाचा. मग दाराशी बॅग, वाकून चप्पल काढून राहिली. अन् शेवटी दोन ताटं.

वत्सलाबाई फेरा पुरा करून माझ्याजवळ आली. डोळे भरलेले.

"काय सुंदर काढलं बाई. पोरगी घरी आली नं शेवटी. बाप वाटच पाहून राहिला होता."

मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही उलट्या फिरल्या."

"मी काहून उलटी फिरन? तुमच्यातच उलटं फिरत असन, आम्ही सरळच फिरतो."

मी कागदावर मोठे लाल बाण काढून खांबाला लावले. काही उपयोग नाही. लोक बाणाकडे बघत आणि पायानं आपल्याच बाजूनं जात. शाळेचे एक निवृत्त मास्तर तर बाणाखाली उभे राहून दुसऱ्यांना सांगत होते, "इकडून चला, बाण चुकून लागला दिसते."

मनोहरभाऊ दारामागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर गेले.

"चुकलं माझं, भाऊ. इतकी वर्षं ह्या लोकांना ओळखते अन् हे ध्यानात आलं नाही. आत्ता उतरवून दुसऱ्या बाजूनं लावते. तिनं असं वाचलं तर माफी कुठं दिसणार तिला?"

ते खांबाकडे बघत म्हणाले, "सगळे म्हणून राहिले, पोरगी घरी आली."

"हो नं."

"दिवसभर ऐकून राहिलो. एकानंही म्हटलं नाही, पोरगी गेली म्हणून. बाण काढून टाका, वहिनी."

मी बाण काढले. पण मला चैन नव्हतं. मला वाटे, बापानं एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं आणि मी त्याचं बोलणं फिरवून ठेवलं. सुनंदा आली, तिनं रिकाम्या सीटपासून सुरुवात केली आणि तिला वाटलं, बाप अजून स्वतःची चूक कबूल न करता नुसतं मलाच परत बोलावून राहिला, तर? रोज वाटे, आज येईल. दारात सावली पडली की मनोहरभाऊ मान वर करत आणि परत खाली घालत. बिनतिकिटाच्या पोरट्याच्या पट्टीसमोर गर्दी हटत नव्हती, अडत्या पैज हरला होता, गावभर नाव झालं होतं. आणि ज्यांचं नाव झालं ते दाराकडे बघत बसलेले.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर ती आली. एकटीच. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता, पण चालणं तेच, मान थोडी पुढं काढून. दारात चपला काढल्या. बापाला तिनं बघितलं नाही असं नाही, बघितलं. पण सरळ खांबाकडे गेली.

डाव्या हाताला वळली. सगळ्यांसारखीच. वत्सलाबाई योगायोगानं त्या दिवशी परत आली होती, माझ्या शेजारी उभी. सुनंदानं रिकामी सीट बघितली, तिकीट बघितलं, पायरी, चप्पल, ताटं. पूर्ण फेरा झाला. पाटीसमोर येऊन थांबली.

आणि मग ती वळली. आल्या पावली, उलट्या बाजूनं निघाली. ताटांपासून. एकेका चित्रापुढं थांबत. आठवडाभर जे कोणी केलं नव्हतं ते तिनं केलं.

"अवं पोरी, उलटी प्रदक्षिणा नको घालू," वत्सलाबाई बोलायला लागली, तोच मी तिचा हात घट्ट दाबला.

"चूप राहा, विहीणबाई. तिले रस्ता माहीत आहे."

त्या दोन हातांच्या चित्रापुढं ती फार वेळ उभी राहिली. मी मागून बघत होते, खांदे हलत होते. पुढं रिकाम्या सीटपर्यंत गेली. हॉलमधले लोक आपोआप भिंतीकडे सरकले. मग ती परत फिरली, तिसऱ्यांदा, आता सगळ्यांच्या बाजूनं, भराभर, कुठं न थांबता, आणि ताटांच्या चित्रापाशी येऊन उभी राहिली. तिथूनच तिनं हाक मारली.

"बाबा, दुपारचं जेवले का?"

मनोहरभाऊ खुर्चीवरून उठले.

"नाही," म्हणाले. "राहिलं आज."

"काहून?"

"वाट पाहून राहिलो होतो."

एवढंच बोलले बापलेक. मी वाचनालयाच्या शिपायाला डबा आणायला पिटाळलं आणि त्यांना खाली पुस्तकांच्या खोलीत बसवलं. वर येऊन बघते तर वत्सलाबाई खांबासमोर उभी. आधी एका बाजूनं गेली, मग दुसऱ्या बाजूनं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी सांगायचं नं बाई." विहिणीला उत्तर द्यायची एवढी चांगली संधी मी आयुष्यात दुसरी सोडलेली नाही.

पुढच्या महिन्यात मनोहरभाऊंचा निरोप आला, ती नऊ चित्रं घरी लावून द्या. खिळे, हातोडी, दोरी घेऊन गेले. त्यांच्या घरात पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ आहे, तिथली भिंत चांगली निघाली, दगडाची. खांब नाही, सरळ भिंत. मी विचारात पडले. कोणत्या अंगानं लावू? जशी घडली तशी, का गावानं वाचली तशी?

सुनंदा आली होती, आत पोळ्या लाटत होती. मनोहरभाऊंनी आतल्या दिशेला बघितलं. तिनं तिथूनच सांगितलं, "काकू, रिकामी सीट दाराजवळ लावा. ताटं इकडं, स्वयंपाकघराजवळ."

लावून झाल्यावर मी दारापासून आत चालून बघितलं. घरात येणाऱ्याला पोरगी घरी येताना दिसते. मग आतून दाराकडे चालून बघितलं. जाणाऱ्याला ती जाताना दिसते. दोन्ही खरं. इतकी वर्षं चित्रं टांगली, पण अशी मांडणी मला सुचली नसती.

अजून मी अधूनमधून तिथं जाते, काचा पुसायच्या निमित्तानं. सुनंदाही येत असते, कधी एकटी, कधी घरच्यांना घेऊन. येते पुढच्या दारानं, चित्रं बघत. जाते मात्र मागच्या दारानं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, तिकडून स्टँड जवळ पडतो.

जवळबिवळ काही पडत नाही. चांगला फेरा पडतो.